धारोष्ण

ता. ९ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, आणि एक चापट उधार.

तुझी बायको सुखरूप पोचली. बस उशिरा आली, पण माणूस आणि सामान दोन्ही शाबूत. तिला कसं जपायचं याच्या सूचना तू तिच्याबरोबर पाठवल्यास त्या मिळाल्या. पाठीमागे केसांच्या तेलाची जाहिरात होती, तीही वाचून काढली. छापखान्यात मशीनवर उभा राहतोस म्हणून सख्ख्या बहिणीला कोरा कागदसुद्धा मिळू नये का? असो. तुमच्या त्या छापखान्यावरच्या खोलीत मशीन सुरू झालं की भांडी नाचतात, तिथे चौथा महिना लागलेल्या बाईला ठेवायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, हे बरं झालं. त्यांनी सांगितलं नसतं तर मीच येऊन तिला उचलून आणणार होते.

आल्या दिवशी ती मागच्या दारातून पुढे यायलाच तयार नव्हती. अंगणात सात शेळ्या आणि एक बोकड तिच्याकडे टक लावून उभे. मास्तरीण, म्हणजे आमची म्होरकी शेळी, पुढे झाली आणि दोरीवर वाळत घातलेला तिचा मोजा खाऊन टाकला. त्यानंतर दोघींची ओळख झाली. आता ती रोज गोठा झाडते, पाला तोडून गव्हाणीत टाकते, आणि कोणत्या शेळीचे कान कोणावर गेलेत ते मला विचारत बसते. मी सांगते की बाई, ही सगळी भेसळ आहे. तुझे भावजी गेले त्या वर्षी दोन बुटक्या, काटक शेळ्या होत्या. त्यांना लांबकान्या उंच बोकडाची जोड दिली, मग पुढे आणखी एक जात मिसळली, आणि वीस वर्षं निवडून निवडून ही सात उभी केली. कोणाचे कान लांब, कोणाचे आखूड, एकीचा तर एक उभा आणि एक पडलेला. पण दूध बघ आणि थंडीत एकही शिंकत नाही ते बघ. कोणी जात विचारली तर मी सांगते, आमच्या घरची.

माझे गुडघे हल्ली अगदीच संप पुकारून बसलेत. खाली बसलं की उठायला भिंत लागते. त्यामुळे धार काढायचं काम तिने आपणहून घेतलं. काज-बटणं करणाऱ्या बाईची बोटं ती, आठवड्यात शिकली. पहिला पेला तिचा तिनेच प्यायचा, धारोष्ण, फेसासकट. असं दूध तुमच्या शहरात राजालाही मिळत नाही. या घरात सध्या सगळ्याच गाभण आहेत, मी एकटी मोकळी. सगळ्यांचं नीट पार पडू दे एवढंच रोज म्हणते.

तू वेळेवर जेवत जा. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर ठेवायला जागा करीन.

तुझी,
ताई


ता. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. चापट मिळाल्यासारखी समजावी.

हा कागद कोरा आहे, उलटून खात्री करून घे. आमचे फोरमन, ज्यांना सगळे टकलूशेठ म्हणतात, त्यांच्याकडे बहिणीने अब्रू काढली असं सांगून मागून घेतला.

खोली रिकामी झाली आणि मला कळलं की मी घरात किती कमी कामं करतो. काल दूध उतू गेलं, आणि मी स्टोव्हलाच ओरडलो. संध्याकाळी मशीन बंद झालं की टकलूशेठ आणि मी मागच्या कोठीत एक पाळणा करतो आहोत. कागदाच्या रिळांची जी खोकी येतात त्यांची फळी चांगली असते. एक कड तिरपी झाली आहे, पण तिरप्या बापाच्या मुलाला चालेल, असं टकलूशेठांचं मत आहे. ताई, तुला माहीत आहे आम्ही किती वर्षं वाट पाहिली. मी कोणाला दाखवत नाही, पण पाळण्याच्या फळीवर हात फिरवताना मला भीती वाटते.

एक सांगायचं राहिलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दूध उकळल्याशिवाय द्यायचं नाही. तू हसशील हे मला ठाऊक आहे. तरी उकळ. हिला त्यातलं काही सांगू नकोस, ती फार लवकर घाबरते. आपलं आपण बघू.

गुडघ्यांना शेक दे. आहे तो जिव्हाळा पुढच्या टपालापर्यंत पुरवून वापरतो आहे.

तुझा,
ढब्बू


ता. ८ डिसेंबर

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. पाळण्याची तिरपी कड सरळ कर. बाप तिरपा असला तरी आत्या सरळ आहे.

इकडे थोडं वाईट झालं. खारी म्हणजे आपली पिंगट पाट, कोवळी शेळी, पहिलटकरीण, ती गाभडली. दिवस भरत आले होते, केस आलेली दोन करडं मेलेली पडली. मास्तरणीने तिला परवा गव्हाणीपाशी शिंग मारलं होतं, त्याचंच हे. दर हिवाळ्यात एखादी अशी जातेच, एवढ्या शेळ्या म्हटल्यावर चालायचंच. तुझी बायको मात्र रडली. रडत रडतच तिने सगळं आवरलं, कारण मला खाली बसता येईना. वार पडायला वेळ लागला, तीही तिनेच हाताने काढून घेतली.

आता चांगली बातमी. मुंडीने त्याच्या आदल्या दिवशी तीन करडं दिली होती. तिसरं अगदी उंदराएवढं, दोघं भाऊ त्याला कासेला लागू देईनात. इकडे खारीची कास तटतटलेली आणि पोटाशी कोणी नाही. मग मी जुना उपाय काढला. खारीचं जे पाणी आणि वार होती ती त्या तिसऱ्या करडाच्या अंगाला चोळायची, म्हणजे तिला तो वास आपला वाटतो. मी उभी राहून सांगत होते आणि तुझी बायको मांडीवर करडू घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळत होती. कोपरापर्यंत माखली. खारीने हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली. ढब्बू, तुझ्या बायकोचा चेहरा तेव्हा बघायला हवा होतास. ती मला म्हणाली की वन्सं, आई व्हायला एवढंच लागतं का. मी म्हटलं एवढं तरी लागतंच.

डॉक्टरीणबाईंना सांग की उकळलं की दुधाचा जीव जातो. मी वीस वर्षं धारोष्ण पिते आहे आणि मला गुडघ्यांखेरीज काही झालेलं नाही. तुझ्या बायकोच्या गालावर रंग आलाय तो कशाने?

तिला मी काही बोलले नाही, तू सांगितलंस तसं. थंडीत कान झाकत जा.

तुझी,
ताई


ता. १९ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं, आनंद निम्माच झाला.

करडाची गोष्ट मी टकलूशेठांना सांगितली. त्यांचं लहानपण गाईगुरांत गेलं. मला वाटलं ते कौतुक करतील. त्यांनी हातातलं काम ठेवलं आणि मला विचारलं की शेळी दिवस भरत आल्यावर गाभडली का, आणि मागच्या वर्षीही गाभडली होती का. मी म्हटलं, बहीण सांगते दर हिवाळ्यात एखादी जाते. ते म्हणाले की त्याला शिंग कारण नसतं, कळपात रोग असतो, आणि तो माणसालाही लागतो. गुरांच्या डॉक्टरांना बोलावून रक्त तपासून घ्यायला सांगितलं त्यांनी, तेही लगेच.

ताई, तू वीस वर्षं शेळ्या पाळतेस आणि मला शेळीची पुढची बाजू कोणती तेही विचारावं लागतं. मी तुला शिकवत नाही. पण ही आत्ता तुझ्याकडे आहे म्हणून विनंती करतो. डॉक्टरांना दाखव. त्यांचं होईपर्यंत हिला गोठ्यात बसवू नकोस, काहीतरी निमित्त सांग. खरं कारण सांगू नकोस. तिला कळलं तर झोप उडेल तिची, आणि डॉक्टरीणबाईंनी मनाला शांतता हवी म्हणूनच तिला तिकडे पाठवलं आहे. आई आजारी होती तेव्हा आपण दोघांनीच सगळं ठरवलं आणि बाबांना शेवटपर्यंत हसतं ठेवलं, तसंच हे.

उत्तर टाक, आणि त्यात डॉक्टर काय म्हणाले ते लिही. बाकीचं नाही लिहिलंस तरी चालेल, पण तुला राहवणार नाही.

तुझा,
ढब्बू


ता. ४ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद. टकलूशेठांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं की शाई सांभाळा.

रागावू नकोस. उत्तराला उशीर झाला कारण इथे श्वास घ्यायला फुरसत नव्हती. चटोरही गाभडली, अगदी खारीसारखीच, तीही पहिलटकरीण. त्याचं दुःख करत बसायला वेळ मिळाला नाही कारण दुसऱ्याच दिवशी दुपारी कबरी अडली. सकाळपासून कळा देत होती आणि करडाचं फक्त एक पाऊल बाहेर. मान मागे वळलेली असणार हे मला बाहेरूनच कळलं. पूर्वीची मी असते तर हात घालून फिरवून काढलं असतं. खाली बसायला गेले आणि गुडघ्यातून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुझी बायको माझ्याकडे बघत होती. मी काही म्हणायच्या आत तिने बाही वर केली.

तिचा हात किती लहान आहे ते तुला माहीतच आहे. मी दाराला धरून सांगत गेले, आधी पाऊल मागे ढकल, मग गळ्यावरून बोट सरकव, जबड्यापाशी धर, कळ आली की ओढ. तिने डोळे मिटून घेतले होते. करडू बाहेर आलं ते निपचित. तिने त्याचं नाक चोखून पाणी काढलं, मी सांगितलंही नव्हतं. आणि ते शिंकलं! ढब्बू, तुझ्या बायकोने जीव जन्माला घातला. मी तिला मिठी मारली आणि दोघी घाणेरड्या अंगाने अंगणात रडलो.

आता तुझ्या डॉक्टरांविषयी. तू मला सारखं विचारतोस, तर स्पष्टच लिहिते. ते आले की सगळ्यांचं रक्त काढतात. त्यात एकीचं जरी वाईट निघालं तरी फाटकाला कुलूप घालतात आणि कळप घेऊन जातात. चौकापलीकडच्या दूधवाल्याच्या शेळ्या अशाच गेल्या. रिकाम्या गोठ्यात तो अजून सकाळी जाऊन उभा राहतो, मी बघते. माझ्याकडे या सातांखेरीज काय आहे रे? मूल नाही, नवरा नाही. माझ्या हाताने मी एक जात उभी केली आहे, ती जगात दुसरीकडे कुठेच नाही. दोन पोरींच्या पोटी पिल्लं टिकली नाहीत म्हणून मी त्या सगळ्या ट्रकमध्ये चढवून देऊ? थोडे दिवस जाऊ देत. उरलेल्या दोघी व्याल्या की बघू.

बायको बरी आहे. जराशी कणकण आहे, ओल्या अंगाने बसली म्हणून. अंगात जाड स्वेटर घातलाय माझा. तिला मी तुझं काही सांगितलेलं नाही, निश्चिंत रहा.

तुझी,
ताई


ता. १५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज थट्टा सुचत नाही. तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि पुन्हा मशीनवर गेलो तेव्हा टकलूशेठांनी मला बाजूला बसवलं, हात मशीनमध्ये जाईल म्हणाले.

हिच्या पत्रातलं अक्षर बदललं आहे. बारीक काजं करणारी बाई, तिची ओळ खाली घसरते आहे. तिने लिहिलंय की संध्याकाळ झाली की हुडहुडी भरते, पहाटे घाम फुटून उशी भिजते, मग दिवसा बरं वाटतं, आणि कंबर मोडून येते. तिला वाटतंय हे दिवसांमुळे असेल. मी तिला काय लिहू ते मला कळत नाही, म्हणून मी काळजी घे एवढंच लिहिलं.

ताई, शेळ्यांचं दुःख मला कळतं. पण मला माणसाची काळजी आहे. डॉक्टर आण. दूध उकळ. हिला माणसांच्या डॉक्टरांकडे ने आणि घरात शेळ्या गाभडल्या आहेत हे त्यांना सांग. महिनाअखेरीचं मोठं काम चालू आहे, ते संपलं की मी येतो. त्याच्या आत यायला जमलं तर येतोच.

तुझा,
ढब्बू


ता. २२ जानेवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तिला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. त्यांनी छाती तपासली, साथीचा ताप आहे म्हणाले, विश्रांती आणि गोळ्या दिल्या. शेळ्यांचं त्यांनी विचारलं नाही. मीही बोलले नाही. तिथे बाकावर अर्धी गल्ली बसली होती, एकदा तोंडातून शब्द गेला की संध्याकाळपर्यंत फाटकाला कुलूप लागलं असतं. तू म्हणशील ही काय बाई आहे. मी स्वतःलाही तेच म्हणते, मग गोठ्यात जाते आणि त्या माझ्याकडे वळून बघतात.

दूध आता उकळते. तिने विचारलं की वन्सं, आजच का. मी म्हटलं थंडी फार आहे.

गुरांच्या डॉक्टरांकडे सोमवारी जाते. तुझ्या गळ्याची शपथ, जाते. ताप उतरतोय असं वाटतं. आज तिने दोन घास जास्त खाल्ले आणि बाळ फार लाथा मारतं म्हणून हसली.

तू येच. लवकर येता आलं तर बरं.

ताई


ता. ९ फेब्रुवारी

ताईस,
नमस्कार.

मी हिला घेऊन निघालो तेव्हा तू फाटकात उभी होतीस, मी मागे वळून पाहिलं नाही. पुढचं तुला कळवायला हवं म्हणून लिहितो.

रस्त्यातच सुरू झालं होतं. दवाखान्यात पोचलो त्या रात्रीच संपलं. मुलगा होता. सहावा सरत होता, सगळे अवयव नीट होते, नखंसुद्धा. रडला नाही. मला त्याला हातात घ्यायला दिलं, आणि काय करायचं असतं ते मला कळेना, म्हणून मी त्याला टॉवेलात नीट गुंडाळत राहिलो.

इथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, घरात जनावरं आहेत का. मी होय म्हटल्यावर त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. तोच रोग निघाला, टकलूशेठांनी सांगितला होता तो. ब्रुसेला म्हणतात त्याला. कच्च्या दुधातून येतो, आणि गाभडलेल्या शेळीच्या वारेतून तर फारच. हिला आता कित्येक आठवडे औषध चालू राहील.

सोमवारी जाते असं तू शपथ घेऊन लिहिलं होतंस. शुक्रवारी मी आलो तेव्हा गोठ्यात चुना मारलेला नव्हता आणि फाटकाला कुलूप नव्हतं. मी विचारलं नाही. आता विचारत नाही.

पत्र टाकू नकोस.


ता. ३ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद, ते तर तू थांबवू शकत नाहीस.

पत्र टाकू नकोस म्हणालास तरी टाकते आहे. वाचलं नाहीस तरी चालेल. काय झालं ते कोणालातरी सांगायला हवं, आणि माझं तुझ्याशिवाय कोणी नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चालत गुरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त नेलं. सातांतल्या पाच वाईट निघाल्या आणि बोकडही. एकत्र राहिलेल्या म्हणून उरलेल्या दोन आणि सगळी करडं, सगळीच न्यायची ठरली. मी वाद घातला नाही. माणसं आली ती हातमोजे घालून आणि तोंडाला फडकी बांधून. मला वाटलं ओढाताण होईल. पण मी ट्रकच्या दारापाशी उभी होते, म्हणून मास्तरीण आपणहून फळीवरून चढली आणि तिच्या मागे सगळ्या चढल्या. इतकी वर्षं मी ज्या दिशेला तोंड करीन तिकडे त्या गेल्या, त्या दिवशीही गेल्या. मला दूर व्हायला हवं होतं. त्या माणसांनी मला तिथेच थांबा म्हणून विनवलं, सोपं पडतं म्हणाले.

नंतर माझंही रक्त काढलं. रोग माझ्यात आहे, आणि जुना आहे. डॉक्टर म्हणाले की तुमचे गुडघे वयाने गेलेले नाहीत, यानेच गेले, कितीतरी वर्षांपूर्वी. गुडघे धड असते तर मी तुझ्या बायकोला खाली बसवलं नसतं. धार मी काढली असती, वार मी काढली असती, कबरीत हात मी घातला असता. त्या दुधाने आधी मला लंगडं केलं आणि मग तिला माझ्या जागी बसवलं. आणि मी तिला पेला भरून देत होते, फेसासकट.

शपथेचं तू लिहिलंस. सोमवारी मी निघाले होते. चौकापर्यंत गेले. दूधवाला त्याच्या रिकाम्या गोठ्यात उभा होता. मी परत फिरले. दुसरं काही कारण नव्हतं. बाकी सगळी कारणं मी तुला लिहिली त्याच्या आधी स्वतःला सांगून बघितली होती.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं की तुला उत्तर देणं भाग पडेल. अंगणात चुना मारला आहे. सकाळी उठायला कारण नाही तरी जाग येते. तुझ्या बायकोला नीट खायला घाल. तिला काही बोलू नकोस, सगळं माझ्यावर टाक.

ताई


ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र आठवडाभर खिशात होतं. काल वाचलं.

राग गेलेला नाही. पण तू त्या घरात एकटी, औषधं घेत, रिकाम्या अंगणाकडे तोंड करून बसली आहेस हे माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. मला तू वाढवलंस. आई वर्षानुवर्षं अंथरुणावर होती, शाळेपासून माझी दप्तरं तू भरलीस. ते काही मला पुसता येत नाही, मी बराच प्रयत्न केला.

तू इकडे निघून ये. खोली लहान आहे पण पडदा लावू. इथले डॉक्टर चांगले आहेत, तुझंही बघतील. हिला मी अजून बोललेलो नाही. तू आलीस की तिला समजावता येईल. आधी विचारलं तर नको म्हणेल, आणि मग सगळंच अवघड होऊन बसेल. आपलं आपण ठरवू. पुढच्या रविवारच्या गाडीने ये.

तुझा,
ढब्बू


ता. २४ मार्च

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहिते आहे. आजवर माझा नमस्कार ह्यांच्या पत्रातून जात असे.

ह्यांनी तुम्हाला बोलावलं आहे. काल जेवताना माझ्याकडे न बघता त्यांनी पडद्यासाठी दोरी किती लागेल ते विचारलं, तेव्हा मला कळलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. मग आधीचंही सगळं सांगितलं. डिसेंबरात त्यांना काय कळलं होतं ते, तुम्हाला त्यांनी काय लिहिलं ते, आणि तुम्ही काय उत्तर दिलं ते.

वन्सं, चटोर गाभडली तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं की दुसरी पण गेली, डॉक्टरांना दाखवायचं का. तुम्ही शिंगाचं सांगितलंत. मी मानलं, कारण शेळ्यांतलं तुम्हाला कळतं. कबरीत हात घातला तो मी आपणहून घातला, त्याचं ओझं तुम्ही घेऊ नका. मला माहीत असतं तरी त्या क्षणी घातला असता की नाही ते मला सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी उठून डॉक्टरकडे गेले असते. ताप आला त्या संध्याकाळी गेले असते. चालत गेले असते. तेव्हा तो पोटात लाथा मारत होता. मी घाबरले असते हे खरं. घाबरून पळाले असते, आणि त्याला घेऊन पळाले असते.

तुम्ही दोघं मला जपत होता. एक महिना तुम्ही एकमेकांना लिहीत होता आणि मी शेजारच्या खोलीत तुमचा स्वेटर घालून बसले होते. माझ्या पोटातल्या मुलाचं बोलणं माझ्याशिवाय सगळ्यांशी झालं. छापखान्यातल्या फोरमनना ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं.

ह्यांनी तुम्हाला माफ केलं आहे, ते कधीतरी कबूल करतील. तुम्ही त्यांच्या आईसारख्या आहात. मी ह्यांच्याबरोबर राहते आहे, त्यांच्यासाठी स्वयंपाक करते, त्यांच्याशी बोलते, आणि बोलता बोलता रोज थोडं माफ करते. तुमच्याबाबत मला ते अजून जमत नाही. तुमच्याइतकं प्रेमाने माझ्याशी कोणी वागलं नाही, त्यामुळे तर मुळीच जमत नाही. तुम्ही इथे पडद्याआड झोपलात तर मी रोज तुमचे गुडघे शेकीन, कारण मला ते बघवणार नाही, आणि शेकताना मनात काय येईल त्याची मला भीती वाटते. म्हणून येऊ नका. हे मी ह्यांना सांगून लिहिते आहे, लपवून नाही. तुमच्या भावाला भेटायचं असेल तेव्हा तो तिकडे येईल, मी त्याचा डबा भरून देईन.

डॉक्टर म्हणाले की औषध पुरं झालं की पुन्हा मूल होऊ शकतं. झालं तर ते आधी मला कळेल. मग कोणाला सांगायचं, आणि केव्हा, ते मी ठरवीन. ह्यांनासुद्धा मीच सांगीन. तुम्हाला कळलं तर ते माझ्या अक्षरात कळेल, आणि नाही कळलं तर ह्यांना विचारू नका.

औषध मध्येच सोडू नका. पोटात काही नसताना घेतलं की मळमळतं, आधी खाऊन घ्या.

आपली,
धाकट्या भावाची बायको